नोंद करणाऱ्याचे नाव

४ जानेवारी

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. पाठ धरली आहे, तेव्हा आठांपैकी दोन-तीन अंगं वगळून.

तुला फोन केला की तू "हॅलो, मोठ्यानं बोल" म्हणतोस, मी ओरडते, तू "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस. अठ्ठावीस वर्षं या जलकेंद्रात पंपांशेजारी बसून कान इथंच ठेवून गेलास. म्हणून पत्र.

माझी बदली झाली. सहा वर्षांनी, आणि मागितली होती तिथंच, यांच्या आणि लेकीच्या गावी. मी इथं आले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता चौदाची आहे आणि फोनवर विचारते, "आई, तू आलीस की माझं कपाट अर्धं द्यावं लागेल का?" या वाक्यात आनंद किती आणि काळजी किती, हे मी दोन दिवस तपासते आहे. डायरीत एकदा "आनंद" लिहिलं, मग खोडलं.

आदेश तिसऱ्यांदा वाचताना तळटीप दिसली. "केंद्र सलग तीस दिवस भोंगा न वाजता चालल्यावरच कार्यमुक्त करावे. ३१ मार्चपर्यंत रुजू न झाल्यास आदेश रद्द समजावा." आमचा आजवरचा विक्रम अकरा दिवसांचा आहे.

साहेबांकडे गेले. म्हणाले, "बाई, नियम मी केलेला नाही."

"मग कोणी केला?"

"वरून आलाय."

"वर कोणाला विचारू?"

"वर विचारायचं असेल तर माझ्यामार्फत विचारावं लागतं. आणि मी विचारणार नाही."

तुझ्या वेळचंच सगळं आहे. तीन टाक्या, चार पंप, एक पॅनेल. फक्त भोंगा नवा आणि जास्त रडका. हल्ली रोज दुपारी तीनच्या सुमारास "टाकी तीनमध्ये पाणी कमी" म्हणून वाजतो. मी शिडी चढून पाहते तर टाकी काठोकाठ. खाली येऊन भोंगा बंद करते, नोंदवहीत लिहिते, आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागते.

हे केंद्र तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. बाहेरच्या भिंतीवर अजून तुझी पाटी आहे, "अठ्ठावीस वर्षे निर्दोष सेवा". तीन नंबरचं काय करू, सांग.

तुझी,
खोडरबर


१३ जानेवारी

चि. खोडरबरास आशीर्वाद, पाठीला शेक.

वहीचं पान फाटेपर्यंत खोडणारी माझी भाची आता अख्खं जलकेंद्र खोडून पुन्हा लिहिणार, असं दिसतंय. बदलीचं ऐकून फार बरं वाटलं. तुझ्या मामीला सांगितलं, ती म्हणाली, "निघाली का?" मी म्हटलं, "आदेश निघालाय, ती नाही."

ऐक. मी तिथं होतो तेव्हा पहिल्या वर्षी एकच घंटा होती. ती वाजली की आम्ही धावायचो. मग वरून आणखी तीन घंटा आल्या, सुरक्षिततेसाठी. चारही वाजायला लागल्या आणि आमचं धावणं थांबलं. मग घंटांकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून दिवा आला. दिवा डोळ्यांत जातो म्हणून वायरमननं त्यावर रुमाल टाकला. पाहणीला आलेल्यांनी रुमाल पाहून शेरा मारला, "दिव्यास आच्छादन आहे, उत्तम." यावरून काय समजायचं ते समज.

तीन नंबरचा सेन्सर म्हातारा आहे, त्याला निम्मंच दिसतं. त्याचं ऐकून घ्यायचं आणि मनात दुप्पट करायचं. बदलू नकोस. एकाला बदललंस की बाकीचे रुसतात.

आणि पॅनेलच्या मागचं ते जुनं कपाट उघडायच्या फंदात पडू नकोस. पाली आहेत. तुला पालींची भीती.

तुझा,
मामा


२ फेब्रुवारी

ती. मामास,

नमस्कार. तुझं पत्र येण्याआधीच मी सेन्सर बदलला होता. आल्यानंतर बदलला असता का? बहुधा हो, म्हणजे उशिरा आलेल्या पत्राचा आधार घेणं बरोबर नाही.

नवा सेन्सर अचूक आहे. अनर्थ झाला तो त्यामुळेच. घरात एक खरं बोलणारा माणूस आला आणि सगळ्यांची घडी विस्कटली, तसं. दोन नंबरचा पंप कधी थांबायचं ते जुन्या सेन्सरच्या खोटेपणावरून ठरवत होता. आता तो टाकी अर्धी असतानाच थांबतो. मग वरच्या वस्तीला पाणी कमी. मग लोकांनी विचारलं, "पाणी जाणार आहे का?" साहेबांनी पत्रक काढलं, "पाणी जाणार नाही, तरी जपून वापरावे." त्या "तरी"नं घात केला. दुपारपर्यंत प्रत्येक घरात बादल्या, पिंपं, भांडी भरली गेली आणि पाणी खरोखरच गेलं. पत्रक खरं ठरलं म्हणून साहेबांना जरा समाधान वाटलं असावं, असा मला संशय आहे. संशय खोटाही असेल.

भोंगा आठवड्यात नऊ वेळा वाजला. बिघाड का होतात हे शोधायला समिती आली. तिनं प्रत्येक बिघाडाला चार पानी तक्ता भरायला दिला. तक्ता भरताना पॅनेलकडे पाठ होते, त्यामुळे पुढचा बिघाड मला उशिरा कळतो आणि त्याचा तक्ता आणखी लांब होतो.

समितीला एक गोष्ट मात्र सापडली. टाकी साफ करायला माणसं आत उतरतात तेव्हा आमचा वायरमन मुख्य स्विचशेजारी स्टूल टाकून दिवसभर बसतो. (त्याला सगळे "होईल" म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तेवढंच म्हणतो.) समितीनं विचारलं, "तुम्ही इथं का बसता?"

"बसतात."

"पण का?"

"आधीचाही बसायचा."

समितीनं लिहिलं, "विनाकारण मनुष्यबळ." स्टूल जमा केलं. होईल मला म्हणाला, "ताई, उभं राहू का?" मी हसले.

दोन नंबरचा पंप नव्या सेन्सरशी जुळवायला घेतला आहे. जमलं तर तीन दिवसांनी मोजायला लागेन. ५ फेब्रुवारी ते ६ मार्च, तीस दिवस. बसतं.

तुझी,
खोडरबर


१० फेब्रुवारी

चि. खोडरबरास,

आशीर्वाद. पत्र वाचून जेवण गेलं नाही. स्टूल जमा केलं म्हणजे काय? कोण आहेत हे लोक? साहेबांना सांगून स्टूल परत माग. कारण विचारलं तर सांग की जुनी पद्धत आहे. कारण नसलेल्या गोष्टी आपण उगीच ठेवत नाही.

आणि एक विचार मनात आला. बदली इतकी निकडीची आहे का? लेक आता मोठी झाली. तुझ्यासारखं माणूस गेलं तर त्या केंद्राचं काय? मला मध्येच एकदा बदली मिळत होती, मी घेतली नाही. राहिलो. काही वाईट झालं नाही.

स्टूलचं मात्र विसरू नकोस.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

आज विसावा दिवस. भोंगा गप्प आहे. साहेब जाता-येता "वीस, वीस" म्हणतात. माझ्या जागी येणारे गृहस्थ येऊन पोचलेत. पन्नाशीचे, मीटर दुरुस्तीच्या कारखान्यातले. प्रत्येक बटणाखालची चिठ्ठी वाचून वहीत उतरवून घेतात. मी त्यांना मीटरवाले म्हणते, ते मला ताई म्हणतात.

तुझ्या मागच्या पत्राचा मला राग आला होता. "लेक मोठी झाली" या वाक्याचा. ती माझ्याविना मोठी झाली, मामा, त्याचंच तर. उत्तर लिहायला बसले, तीन कागद फाडले. चौथ्यावर स्वतःला विचारलं की मामा स्टूलबद्दल दोनदा का लिहितो. आणि पालींबद्दल का. मला पालींची भीती कधीच नव्हती. ती मावशीला.

मग दुसरा प्रश्न पडला. तीन नंबरची टाकी काठोकाठ भरली की पंपाची वीज तोडणारा शेवटचा कटऑफ आहे. टाकी गेल्या सहा वर्षांत कितीतरी वेळा काठोकाठ भरली. तो एकदाही पडला नाही, पंप थांबला नाही. इतकी वर्षं मी याला गुण समजत होते.

कपाट उघडलं. एकही पाल नाही. कटऑफच्या दोन टोकांमध्ये एक लाल तार जोडलेली आहे, म्हणजे कटऑफ असूनही नसल्यासारखा. तारेला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला आहे. त्यावर लिहिलंय, "तात्पुरते. काढू नये." खाली एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. तुझा "ळ" मी कुठंही ओळखते, पण या चिठ्ठीत "ळ" नाही. तरी ओळखलं.

माणसं टाकीत उतरतात तेव्हा पंप चुकून सुरू होऊ नये म्हणून जे कुलूप लागतं, ते याच कटऑफमधून जातं. म्हणजे एकोणीस वर्षं कुलूप लागलेलंच नाही. कुलूप म्हणून बसायचा फक्त होईल, स्टूलवर. आणि ते स्टूल आता सामानाच्या खोलीत आहे.

पुढची सफाई १५ मार्चला आहे. दोन माणसं उतरणार आहेत.

तार काढली तर गेल्या एकोणीस वर्षांत तिच्याभोवती जुळवून घेतलेलं सगळं उसळेल, भोंगा वाजेल आणि विसाचं शून्य होईल. नुसती नोंद केली तर तुझी पाटी उतरेल. गप्प बसले तर मी दहा दिवसांत सुटते.

हे काय आहे, मामा?


१ मार्च

चि. खोडरबरास,

तार मी घातली.

तो कटऑफ उगीचच पडायचा, दिवसातून चार-चार वेळा. दुरुस्तीचा माणूस आठ दिवसांनी येणार होता. मला दोन दिवस रजा हवी होती आणि माझ्या जागी बसणाऱ्याला कटऑफ पुन्हा बसवणं जमत नव्हतं. रजा तुझ्या लग्नासाठी होती.

परत आलो तर केंद्र इतकं शांत चाललं होतं की मी विचार केला, आठवडाभर राहू दे. दुरुस्तीचा माणूस येऊन म्हणाला, "काही बिघाड दिसत नाही," आणि गेला. पहिल्या सफाईच्या वेळी लक्षात आलं की कुलूपही लागत नाही. तेव्हा स्टूल ठेवलं आणि तेव्हाच्या वायरमनला सांगितलं, "इथून हलायचं नाही." का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तार सांगावी लागली असती. नंतरची अकरा वर्षं मी निर्दोष होतो कारण दोष सांगणारा मीच मुका केला होता. बदली आली तेव्हा म्हणून घेतली नाही. तार सोडून जाणार कुठं? निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, जाताना काढतो. त्या दिवशी सगळे हार घेऊन उभे होते.

तू म्हणतेस गप्प बसले तर दहा दिवस. बस. तू सुटलीस की दुसऱ्या दिवशी मीच वर लिहितो. सफाईच्या आत लिहितो. शब्द देतो.

मामा


९ मार्च

मामा,

तुझं पत्र चार तारखेला मिळालं. शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न मी जाणूनबुजून अवघड करून ठेवला. अवघड असला की उत्तर द्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दिवस वाढतात. अठ्ठावीस झाले, एकोणतीस झाले. डायरीत रोज लिहिलं, "उद्या नोंद करते." या उद्यांची मला लाज वाटते. आपण दोघं एकाच घरचे आहोत.

सहा तारखेला तीस झाले. दुपारी साहेबांनी कार्यमुक्तीचा कागद टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं. मीटरवाले माझ्याशेजारी वही घेऊन उभे. म्हणाले, "ताई, एवढंच. आता कागदावर नाही असं काही राहिलंय का?"

प्रत्येक ठिकाणी ते हेच विचारत असणार. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि "कपाट" असं बाहेर पडलं.

नोंद केली. तार काय, कुठं, कधीची. कोणी घातली तेही. मला वाटलं होतं माझा हात थांबेल. नाही थांबला, याचंही वाईट वाटतंय. साहेब म्हणाले, "बाई, नोंद म्हणजे भोंगा नव्हे. तीस दिवस पूर्ण आहेत. तार राहू द्या, समिती बघेल. तुम्ही निघा."

"आणि पंधरा तारखेला उतरणार ते?"

"समिती बावीसला आहे."

मग मी आणि होईलनं तार काढली. मीटरवाल्यांनी टॉर्च धरला. अर्ध्या तासात भोंगा वाजला. इतका वेळ वाजला की होईल म्हणाला, "ताई, होईल का हो?" त्यानं प्रश्न म्हणून विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आता शून्य आहे. ३१ मार्चच्या आत तीस दिवस होणं शक्य नाही. लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "कपाट मी रिकामं केलं होतं, ते आता भरू का?"

मी तिला भर म्हणाले.


१४ मार्च

चि. भाचीस,

सोबतच्या पाकिटात माझा कबुलीजबाब आहे, साहेबांच्या नावे. सही केली आहे, तारीख घातली आहे, दोन साक्षीदारही घेतले, एक तुझी मामी. ती म्हणाली, "एकोणीस वर्षं माझ्याशेजारी झोपलात आणि हे बोलला नाहीत?" तेव्हापासून ती मोठ्यानं बोलत नाही, म्हणजे मला काहीच ऐकू येत नाही.

पाकीट तू स्वतः साहेबांच्या हातात दे. पाटी उतरवली की खिळ्यांची भोकं बुजवायला सांग, भिंतीत ओल जाते.

मामा


२७ मार्च

ती. मामास,

साष्टांग नमस्कार, या वेळी पूर्ण.

आधी चांगलं. पंधराची सफाई बावीसवर ढकलली. तोवर आम्ही तिघांनी पंप, सेन्सर आणि कटऑफ एकमेकांशी जुळवले. बावीसला दोघं टाकीत उतरले, कुलूप लागलं, मी स्वतः ओढून पाहिलं. संध्याकाळी वर येऊन त्यांनी चहा घेतला. त्यांना काहीच माहीत नाही. मीटरवाल्यांच्या वहीत सगळं आहे.

आता दुसरं. माझी नोंद वर गेली. तिथं ती यंत्रात भरतात. यंत्रातल्या तक्त्यात दोषाचा रकाना आहे, पण दोष करणाऱ्याच्या नावाला नोकरीतला चालू क्रमांक लागतो. तू निवृत्त, तुझा क्रमांक बंद. यंत्र पुढं जाईना. तिथल्या कारकुनानं काय केलं असेल ते मला इथं बसून दिसतं. संध्याकाळ झाली असेल, त्यालाही घरी जायचं असेल. तक्त्यात चालू क्रमांकाचं एकच नाव होतं, ते त्यानं टाकलं. नोंद करणाऱ्याचं नाव.

एकवीसला नोटीस आली. "तीन क्रमांकाच्या कटऑफमध्ये अनधिकृत तार जोडल्याबद्दल सदर कर्मचारी दोषी. दोषी कर्मचाऱ्यास त्या केंद्रावर ठेवू नये. तात्काळ कार्यमुक्त करून पूर्वीच्या आदेशातील ठिकाणी पाठवावे. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे."

दोनदा वाचली. निर्दोष होते तेव्हा मला सोडता येत नव्हतं. दोषी झाले आणि ठेवता येत नाही.

तार एकोणीस वर्षांची, मी सहा वर्षांपूर्वी आलेली. तारीख शेजारीच लिहिली आहे. कोणीही वाचलं तर कळेल. साहेबांना म्हटलं तर ते म्हणाले, "हरकत घ्या की. सरळ केस आहे. तुम्ही निर्दोष ठरणारच." मग जरा थांबून, "आणि मग अर्थात तीस दिवसांचा नियम लागू."

तुझं पाकीटही त्याच दिवशी आलं, ते माझ्या पर्समध्ये होतं. ते दिलं असतं तर वेगळी हरकत घ्यायचीही गरज नव्हती. मी सहा दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. स्वतःशी सगळे वाद घातले. टाकी सुरक्षित आहे. मीटरवाल्यांना माहीत आहे. या खोट्यानं कोणी बुडणार नाही, डाग लागला तर माझ्याच नावाला. सगळं खरं आहे. तरी एक गोष्ट बाजूला सरकत नाही. पुढं कधी कोणी हे केंद्र का बिघडलं हे शोधायला बसेल, तेव्हा त्याला वाचायला मिळेल की एका बाईनं तार जोडली, तिला हलवलं आणि प्रश्न मिटला. तो माणूस चुकीच्या जागी शोधेल. मला वाटतं, या असल्या यंत्रणा पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बिघडतात, कारण त्या का बिघडल्या हे घरी जायची घाई असलेल्या माणसांनी लिहिलेलं असतं. तूही त्यातलाच. वरचा कारकूनही. मी वेगळी आहे असं मला चाळीस वर्षं वाटत होतं.

आज सातवा दिवस. साहेबांनी नोटिशीची प्रत पुढं केली. खाली दोन ओळी छापलेल्या, एक खोडायची. मीटरवाले खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना माहीत होतं, आणि ते काही म्हणाले नाहीत, म्हणून मी त्यांची कायमची ऋणी आहे की त्यांनाही मी यात अडकवलं, हे अजून ठरत नाही.

मामा, तुझं पाकीट मी दिलं नाही. देणारही नाही. तू पुन्हा पाठवू नकोस. पाटी भिंतीवर राहील, तिच्याखालून मी उद्या सकाळी बॅग घेऊन जाईन. आपल्यात आता एकच फरक उरला. तुझी तार काढता येत होती.

लेकीला फोन केला. म्हटलं, येते. ती ओरडली, मग विचारलं, "कसं काय सोडलं त्यांनी?" मी म्हटलं, आल्यावर सांगते. तुला लिहिते आहे कारण तिला सांगणार नाही, हे मला फोन ठेवतानाच कळलं.

साहेबांनी विचारलं होतं, "काय लिहू, बाई?"

मी म्हणाले, "हरकत नाही."